बेअर रनवरील कॉफमन-गृह : दगड आणि काँक्रीट

पेनसिल्व्हेनियातील बेअर रन या ओढ्यावर फ्रँक लॉइड राइट यांनी कॉफमन कुटुंबासाठी १९३५ साली योजिलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर निसर्गसामग्रीचा आदर्श म्हणून नेहमी सांगितले जाते. कॉफमन यांना धबधबा समोर दिसेल असे घर हवे होते. मिळाले ते धबधब्याच्याच माथ्यावर. भिंतींचा वालुकाश्म त्याच परिसरातील खाणीतून काढलेला. दिवाणखान्यातील चुलीपाशी तर मूळचा खडक तसाच राखलेला. परंतु प्रवाहावर झेपावणारे सज्जे प्रबलित काँक्रीटचे आहेत, ही गोष्ट या गौरवात झाकली जाते. बांधकाम चालू असता कॉफमन यांच्या अभियंत्यांच्या सल्ल्याने तुळयांत अधिक लोखंड घातले गेले, तेव्हा राइट संतापले. त्या जादा लोखंडावाचून काय झाले असते, याचा तर्क अवघड नाही. कारण तरीही सज्जे वाकतच राहिले व २००२ साली पोलादी तारांचा ताण देऊन ते सावरावे लागले.