लेखणीचा मेळा आणि लेखनाचा इतिहास

१

साहित्याच्या इतिहासात हस्तलिखिताला स्थान असते. लेखणीला सहसा नसते. हस्तलिखिताचा काळ, त्यातील पाठभेद, त्याच्या प्रती कोणी व कोठे केल्या यांची चर्चा होते. ते कोणत्या साधनाने व कोणत्या शाईने उतरले, हा प्रश्न मात्र वस्तुसंग्रहालयांकडे किंवा हौशी मंडळींकडे सोपवला जातो. वास्तविक या प्रश्नाचे सैद्धांतिक महत्त्व नवे नाही. फ्रीड्रिख नीत्शेने १८८२ मध्ये टंकलेखनयंत्र वापरून पाहिले आणि लेखनाची साधने आपल्या विचारांच्या घडणीतही सहभागी असतात, या आशयाचे निरीक्षण नोंदवले. पुढे फ्रीड्रिख किटलर याने १९८५ मधील आपल्या ग्रंथापासून या निरीक्षणाला व्यापक सिद्धांताचे रूप दिले. आपल्याकडे ‘संहिता’ ही संज्ञा समीक्षेत रुळली. परंतु संहिता ज्या भौतिक क्रियेतून कागदावर येते त्या क्रियेचा विचार तिच्याबरोबर आला नाही.

हा विचार करणारे लोक विद्यापीठांबाहेर मात्र आहेत. फाउंटन पेनच्या छांदिष्टांचे मेळे अमेरिकेत आणि युरोपात अनेक वर्षे भरत आले आहेत; अलीकडच्या काळात भारतातही ते भरू लागले आहेत. वॉशिंग्टनच्या नावाने ओळखला जाणारा, ऑगस्ट महिन्यात भरणारा मेळा त्यांतील सर्वांत मोठ्या मेळ्यांपैकी एक मानला जातो. अशा ठिकाणी रसिक म्हणून जाणारा माणूस नेमके काय करतो, त्याचे ज्ञान कोणत्या प्रकारचे असते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून काय घेता येईल, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर या ज्ञानाची मर्यादाही तपासावी लागेल. मेळ्यात लेखणी असते, लेखन नसते; आणि दप्तरखान्यात लेखन असते, लेखणी नसते. या विभागणीची किंमत लेखनाच्या इतिहासाला मोजावी लागत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

मेळ्याचे बाह्य रूप साधे असते. एखाद्या हॉटेलातील मोठे दालन, ओळीने मांडलेली टेबले, त्यांवर कापडाचे अस्तर लावलेल्या तबकांत ठेवलेली पेने. विक्रेते, दुरुस्तीचे कारागीर, निब घासून देणारे तज्ज्ञ आणि संग्राहक अशी मंडळी तेथे जमतात. परवानगीवाचून पेन उचलू नये, विचारल्याशिवाय निब शाईत बुडवू नये, असे काही अलिखित संकेत असतात. नवखा रसिक रंग आणि आकार पाहतो. मुरलेला रसिक भिंग काढतो. नळीवरील कोरीव मजकूर, टोपणावरील पट्टी, निबवरील अक्षरे, निबखालच्या जिभेची घडण, शाई भरण्याची रचना यांची तो क्रमाने तपासणी करतो. पार्कर कंपनीच्या १९३० ते १९५० च्या दशकांतील बऱ्याच पेनांवर वर्षाचा शेवटचा अंक आणि त्याभोवती तिमाही दर्शवणारे ठिपके कोरलेले असतात. पोथीच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेवरून लेखनकाल ठरवावा, तसा या खुणेवरून पेनचा काळ ठरवला जातो.

परंतु पुष्पिका नेहमीच विश्वसनीय नसते. जुन्या प्रतीची पुष्पिका नवा लेखक जशीच्या तशी उतरवतो, हे पोथ्यांच्या अभ्यासकाला ठाऊक असते. पेनच्या बाबतीत नळी एका काळातील, टोपण दुसऱ्या काळातील आणि निब तिसऱ्याच पेनचे, असा प्रकार घडतो. अशा जोडलेल्या पेनला संग्राहकांच्या इंग्रजी परिभाषेत फ्रँकेनस्टाइनच्या कथेवरून ‘फ्रँकेनपेन’ असे नाव पडले आहे. ते ओळखण्यासाठी जुनी सूचीपत्रे, जाहिराती, पेटंटची कागदपत्रे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका यांच्याशी हाती असलेली वस्तू ताडून पाहावी लागते. अमेरिकेतील पेनसंग्राहकांच्या संघटनेने अशा साधनांचा मोठा संग्रह उभा केला आहे.

ही रीत आपल्या परिचयाची आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने आपल्याकडे पाठचिकित्सेची शिस्त घालून दिली. वि. सी. सुखटणकरांच्या संपादनाचे सूत्र असे, की उपलब्ध प्रतींच्या तुलनेतून प्राचीनतम साध्य पाठापर्यंत जावे. मूळ, शुद्ध ग्रंथ हाती आल्याचा दावा करू नये. मुरलेल्या संग्राहकाची वृत्तीही अशीच सावध असते. काळ्या एबनाइटचा रंग प्रकाशाने आणि दमट हवेने उतरून तपकिरी होतो. तो रासायनिक प्रक्रियेने पुन्हा काळा करावा की नाही, केल्यास ग्राहकाला सांगणे बंधनकारक मानावे की नाही, यावर संग्राहकांत दीर्घकाळ वाद झाले आहेत. जीर्णोद्धार कोठे संपतो आणि प्रक्षेप कोठे सुरू होतो, हाच त्या वादाचा विषय आहे. हौशी माणसांचे म्हणून बाजूला ठेवलेले हे ज्ञान पद्धतीच्या दृष्टीने इतके परके नाही.

३

या पद्धतीचे एक महत्त्वाचे फळ म्हणजे फाउंटन पेनच्या उत्पत्तिकथेची चिकित्सा. लुइस एडसन वॉटरमन या विमा एजंटाच्या हातातील पेन करारावर सही घेण्याच्या ऐन वेळी गळले, तो नवा कागद आणीपर्यंत प्रतिस्पर्ध्याने ग्राहक पळवला, आणि त्या चिडीतून त्याने न गळणारे पेन शोधून काढले, ही कथा असंख्य पुस्तकांत आढळते. वॉटरमनला १८८४ मध्ये पेटंट मिळाले, हे सत्य आहे. केशाकर्षणाने शाई निबकडे यावी आणि तिची जागा हवेने घ्यावी, यासाठी जिभेवर बारीक खाचा ठेवण्याची त्याची योजनाही महत्त्वाची होती. मात्र गळक्या पेनची कथा त्याच्या हयातीतील साधनांत आढळत नाही. १९०१ मधील त्याच्या मृत्यूनंतर जाहिरातसाहित्यात ती आकाराला आली, असे संग्राहक-अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याआधीही प्रयत्न झालेले होते. पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ मध्ये पॅरिसमध्ये अशाच प्रकारच्या लेखणीचे पेटंट घेतले होते. अनेकांच्या क्रमशः घडलेल्या खटपटीला एका प्रतिभावंताच्या एका प्रसंगात गोठवणारी ही कथा, एखाद्या कवितेच्या जन्माविषयी सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकांच्याच जातीची आहे.

कर्त्याचे मिथक मोडणाऱ्या याच मेळ्यात कर्त्याचे मिथक विकलेही जाते. माँ ब्लाँ कंपनीने १९९२ मध्ये लेखकांच्या नावाने पेनांची मालिका सुरू केली. पहिले पेन अर्नेस्ट हेमिंग्वेच्या नावाचे होते. हेमिंग्वे प्रामुख्याने पेन्सिलीने आणि टंकलेखनयंत्रावर लिहीत असे, या गोष्टीने त्या पेनच्या संग्राह्यतेला काहीही बाध आला नाही. याच कंपनीने २००९ मध्ये महात्मा गांधींच्या नावाने पांढऱ्या सोन्याची २४१ पेने काढली. दांडीयात्रेच्या मैलांवरून ती संख्या घेतली होती. एकेका पेनची किंमत अकरा लाख रुपयांहून अधिक होती. केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्यावर २०१० मध्ये त्यांची विक्री थांबवण्यात आली. या प्रकरणाच्या शेजारी दुसरी एक वस्तू ठेवून पाहावी. राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी स्वदेशी एबनाइटची, ड्रॉपरने शाई भरण्याची पेने बनवली. त्यांतील एक गांधीजींकडे पोहोचले, आणि १९३५ मध्ये वर्ध्याहून पाठवलेल्या पत्रात त्यांनी ते वापरून पाहिल्याचे व विदेशी पेनला चांगला पर्याय वाटत असल्याचे कळवले. एका पेनने गांधींचे नाव धारण केले. दुसऱ्याने गांधींनी लिहिले. बाजारमूल्याचा आणि लेखनाचा इतिहास कोठे वेगळे होतात, ते या दोन वस्तूंवरून स्पष्ट दिसते.

साहित्यसिद्धांताच्या वाचकाला येथे रोलाँ बार्थ आठवल्याशिवाय राहणार नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणाऱ्या या समीक्षकाने १९७३ मधील एका मुलाखतीत लेखनसाधनांविषयीच्या आपल्या जवळजवळ वेडाच्या नात्याची कबुली दिली. आपण पेने फार विकत घेतो, बॉलपेनशी मात्र आपले जुळत नाही आणि शेवटी फाउंटन पेनकडेच परततो, असा त्या कथनाचा आशय आहे. यात विसंगती शोधण्याची गरज नाही. लेखक ही अधिसत्ता दूर केल्यावर उरते ती लिहिण्याची क्रिया. ती क्रिया हाताला, कागदाला आणि धातूच्या टोकाला बांधलेली असते. बार्थचा छंद त्याच्या सिद्धांताशी सुसंगतच आहे.

४

मेळ्यात सर्वांत मोठी रांग बहुधा निब घासून देणाऱ्याच्या टेबलासमोर लागते. ग्राहक समोर बसून लिहितो, कारागीर त्याच्या हाताचा कल, दाब आणि वेग पाहतो आणि निबच्या अग्रावरील कठीण धातूचा मणी घासून त्याला हवा तो आकार देतो. चपटे, तिरके, अतिसूक्ष्म असे अनेक प्रकार तेथे मिळतात. लेखनाचा अभ्यास इतक्या जवळून होत असलेली दुसरी जागा क्वचितच सापडेल. परंतु देवनागरीत लिहिणारा माणूस त्या खुर्चीवर बसला, की एक ऐतिहासिक अडचण पुढे येते. तेथील चपटे व तिरके आकार रोमन लिपीच्या वळणासाठी घडलेले आहेत. देवनागरीसाठी बोरूचे टोक त्याच्या उलट दिशेने तिरके छाटले जाते, आणि त्या छाटणीतूनच अक्षराचे जाड-बारीक अंग ठरते. फाउंटन पेनचा नेहमीचा गोल मणी कोणत्याही दिशेला जवळजवळ सारखीच रेघ काढतो. कित्ता गिरवताना बोरूने हाताला लावलेली जाड-बारीक अंगाची सवय या रेघेत निरर्थक ठरते. वळण राहते, अंग जाते.

शाईच्या बाबतीतही असाच खंड पडला. काजळ आणि डिंक यांपासून केलेली पारंपरिक शाई जिभेच्या बारीक खाचांत सुकून बसते आणि पेन निकामी करते. त्यामुळे नव्या लेखणीबरोबर नवी शाई येणे अपरिहार्य होते. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या उद्योगाचा आरंभ ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड आणि वड्या यांनी झाला, आणि पुढे फाउंटन पेनसाठी ‘कॅमल’ शाई आली. मराठी लेखनाच्या भौतिक इतिहासातील हे संक्रमण एका उद्योगाच्या वाटचालीत वाचता येते. काजळ हा कार्बन असल्याने प्रकाशाने त्याचा रंग उडत नाही. दोनतीनशे वर्षांची पोथी म्हणूनच आज काळीभोर दिसते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्याच्या निळ्या शाईला हा टिकाऊपणा नाही. ती प्रकाशाने फिकटते आणि ओलीने पसरते. म्हणजे सतराव्या शतकातील नकलाकाराच्या प्रतीपेक्षा विसाव्या शतकातील लेखकाच्या खर्ड्याचे आयुष्य अधिक धोक्यात आहे.

साधनांतील बदलाने संहितेतील पुरावाही बदलतो. टाक दौतीत बुडवून लिहिलेल्या मजकुरात शाई काही शब्दांपर्यंत गडद असते, मग विरळ होत जाते आणि पुन्हा एकदम गडद होते. ही लय पाहून लेखक कोठे थांबला, कोणता शब्द नंतर घातला, कोणती खाडाखोड त्याच ओघात झाली आणि कोणती नंतरच्या वाचनात, याचा अंदाज करता येतो. फाउंटन पेनचा प्रवाह अखंड असल्याने ही लय नाहीशी होते. मात्र शाईचा बदललेला रंग आणि निबची बदललेली जाडी यांवरून दुरुस्तीचे थर वेगळे करता येतात. बॉलपेन कागदावर दाबाचे वळ उठवते आणि तेलकट शाईचे ठिपके सोडते. अमेरिकेत त्याची व्यापारी विक्री न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर १९४५ मध्ये सुरू झाली. म्हणून बॉलपेनने लिहिलेल्या तारीखहीन कागदाला एक निश्चित पूर्वमर्यादा मिळते. पॅरिसमध्ये १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत लेखकांच्या खर्ड्यांचा जो अभ्यास होतो, त्यात अशा खुणांना पुराव्याचे मोल आहे. मराठीत कवितांचे खर्डे, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, नाटकांच्या वहिवाटीतल्या प्रती यांचा अभ्यास अशा दृष्टीने करता येण्याजोगा आहे.

५

मेळ्यात सर्वाधिक भाव ज्याला मिळतो ते पेन बहुधा कधीच शाईत न बुडलेले असते. मूळ पेटी, मूळ चिठ्ठी, कोरे निब. वाल्टर बेन्यामिनने संग्राहकाचे वर्णन करताना म्हटले होते, की तो वस्तूंना उपयुक्ततेच्या जाचातून मुक्त करतो. पेनच्या संदर्भात या मुक्तीचा अर्थ असा होतो, की लेखणीला लेखनाच्या इतिहासातूनच बाहेर काढले जाते. झिजलेला मणी, एका बाजूला कललेले निब, दातांच्या खुणा असलेले टोक हे मेळ्यात दोष ठरतात. लेखनाच्या अभ्यासकाला तेच दस्तऐवज वाटायला हवेत. एखाद्या निबची झीज विशिष्ट हाताने विशिष्ट कोनातून केलेल्या हजारो पानांच्या लेखनाची नोंद असते. कारागिराने ते ‘सुधारले’ की ती नोंद पुसली जाते.

दोष एकट्या संग्राहकाचा नाही. लेखकाच्या निधनानंतर कागद ग्रंथालयाकडे जातात, पेन कुटुंबात राहते किंवा रद्दीबरोबर जाते. ग्रंथालयाच्या सूचीत पानांची संख्या आणि आकार येतो. शाईचा प्रकार, रेघेची जाडी, एकाच कागदावरील भिन्न साधने यांची नोंद क्वचितच होते. पोथ्यांच्या वर्णनात्मक सूची करताना कागद, लिपी, पुष्पिका यांची नोंद घेण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. आधुनिक लेखकांच्या कागदपत्रांना ती लावली गेलेली नाही, याचे कारण एवढेच, की जवळच्या काळाला आपण अजून इतिहास मानत नाही.

येथे मेळ्यातील छांदिष्टाचा उपयोग आहे. निब कोणते, शाई कोणती, कोणत्या दशकातली, हे रेघेवरून सांगू शकणारे डोळे त्याच्याकडे आहेत. त्या रेघेचा संहितेशी संबंध जोडण्याची साधने अभ्यासकाकडे आहेत. दोघांनी मिळून एखाद्या संग्रहातील वर्षा-दोन वर्षांचे खर्डे जरी अशा प्रकारे वर्णिले, तरी पुढील अभ्यासाला आधार मिळेल. निळी शाई वाट पाहत थांबणारी नाही. फिकटलेल्या पानाची प्रतिमा मागाहून घेता येईल, परंतु त्या पानावरचे रंगांचे आणि जाडीचे भेद तोवर उरलेले असतील याची खात्री देता येत नाही.