मागच्या सीटचा पट्टा

झुइडासहून ए-१० रस्त्याला लागताना मागे बसलेली आपली मुलंही न सांगता पट्टा लावतात. ही सवय कायद्याने मुरली. नेदरलँड्समध्ये पुढच्या सीटवर पट्ट्याची सक्ती १९७५ साली आली, मागच्या सीटवर १९९२ साली.

खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा हा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी आणला. कंपनीने पेटंट सर्वांना खुलं केलं. एअरबॅग नंतर आली, तीही पट्ट्याच्या जोडीला. ती पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा नसेल तर ती पुरती फुगण्याआधीच आपण तिच्यावर आदळू शकतो. आणि पुढच्या एअरबॅग मागच्यांना वाचवत नाहीत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागे कुणी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. नियम तेव्हाही होताच.

सुट्टीत मुंबईला उतराल, तेव्हा टॅक्सीत मागचा पट्टा सीटखाली दडलेला असेल. तो शोधून काढा, आजी-आजोबांनाही लावा आणि मगच म्हणा, "चला!"