व्हिनेगरची चाचणी आणि तुलनागटाचा प्रश्न

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी उद्भवत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजेच एचपीव्हीचा, दीर्घकाळ टिकून राहिलेला संसर्ग हे त्याचे प्रमुख कारण होय. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे वा त्याहूनही अधिक काळ जातो. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढा अवधी असतानाही भारतात हा रोग बहुतेकदा उशिरा सापडतो. पाश्चात्त्य देशांत रूढ असलेल्या पॅप चाचणीला प्रयोगशाळा आणि पेशीतज्ज्ञ लागतात. शिवाय अहवालासाठी रुग्णाला पुन्हा यावे लागते. त्यावर शोधलेला उपाय कमालीचा साधा आहे. गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून मिनिटभर थांबावयाचे. विकृत पेशींचा भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

या चाचणीने मृत्यू खरोखर कमी होतात काय, हे पाहण्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतून अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे २० समूह करून त्यांपैकी दहांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, तपासणी झाली. ती डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली. उरलेल्या दहा समूहांतील स्त्रियांना केवळ एकदा कर्करोगाविषयी माहिती देण्यात आली.

बारा वर्षांनंतरचे निष्कर्ष डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये मांडले. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. नवीन रुग्णांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. म्हणजे रोग फारसा टळला नाही. तो लवकर सापडला आणि उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

वाद पेटला तो दुसऱ्या गटावरून. तपासणीचा लाभ ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तिच्याविना केवळ निरीक्षणाखाली ठेवणे न्याय्य होते काय, असा आक्षेप अमेरिकेतील काही टीकाकारांनी घेतला. भारतात सर्वसामान्य स्त्रीला त्या काळी कोणतीच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे तुलना प्रचलित स्थितीशीच केली, असे संशोधकांचे उत्तर होते. ते तर्काला धरून आहे. तरीही पॅप चाचणी शहरात अन्यत्र होऊ शकते, हे त्या स्त्रियांना पुरेसे स्पष्ट सांगितले गेले काय, या प्रश्नाला ते भिडत नाही. आणि संमतीचा खरा कस तेथेच लागतो.

याच सुमारास उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांतून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे एचपीव्हीची चाचणी एकदाच केलेल्या गटात ३४ मृत्यू झाले, तर तुलनागटात ६४. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखे होते. व्हिनेगरच्या एका फेरीने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच प्राधान्य दिले. तिच्यासाठी स्त्रीने स्वतः घेतलेला नमुनाही चालतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक' लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. लस संसर्गापूर्वी, म्हणजे किशोरवयात घेतल्यास सर्वाधिक उपयुक्त. आज तिशी-चाळिशीत असलेल्यांना तपासणीवाचून पर्याय नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्येच तिची कार्यपद्धती आखली होती. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी ती कधी तरी करून घेतल्याचे आढळले. मुंबईच्या अभ्यासात, घरोघरी जाऊन बोलावल्यावर, हेच प्रमाण ८९ टक्के होते.