राधानगरीचा मध आणि वैद्यांची साक्ष

कोल्हापुराहून फोंडा घाटाच्या वाटेनें कोंकणांत उतरूं लागलें म्हणजे राधानगरीपासून दाजीपूरपर्यंतचा रस्ता दाट रानांतून जातो. राधानगरी हें गांव राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०८ सालीं भोगावती नदीच्या कांठीं वसविलें आणि पुढें तेथेंच धरणाचें काम हातीं घेतलें. तें धरण त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पण भोगावतीच्या कांठचा ऊस आज त्याच पाण्यावर उभा आहे. दाजीपूरचें रान संस्थानच्या काळीं शिकारीसाठीं राखलेलें होतें. १९५८ सालीं तें गव्यांचें अभयारण्य झालें, १९८५ सालीं त्याची मर्यादा राधानगरीपर्यंत वाढली, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत ह्या रानाचीहि गणना झाली. प्रवासी तेथें गवा पाहावयास जातात. आम्ही येथें त्या रानांतील एका फार लहान जीवाचा, आणि त्यानें सांठविलेल्या पदार्थाचा, विचार करणार आहों.

आपल्या घरांत मधाची बाटली बहुधा दोन ठिकाणीं सांपडते : देवघराजवळ आणि औषधांच्या फळीवर. पंचामृतास मध लागतो. लग्नांत वरास मधुपर्क द्यावयाचा तर दह्याबरोबर मध लागतो. खोकला झाला कीं अडुळशाचा रस मधांतून घ्यावयाचा, सितोपलादि चूर्ण मधांत कालवून चाटावयाचें. एकाच पदार्थाला देवकार्यांत आणि दुखण्यांत असा सारखाच मान मिळावा, ह्याचें कारण त्याची फार प्राचीन कीर्ति. ती कीर्ति कितपत खरी ठरली, आणि जिची कीर्ति होती तीच वस्तु आज आपल्या बाटलींत आहे काय, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पुष्कळ लोक पहिल्याचें उत्तर मोठ्या उत्साहानें देतात आणि दुसऱ्याला हातच घालीत नाहींत.

‘मधु’ हा शब्द आर्यभाषांच्या अगदीं जुन्या पुंजींतला. इंग्रजांच्या ‘मीड’ नांवाच्या मद्याचें मूळहि तेंच. बौद्ध भिक्षूंना दुपारनंतर अन्न वर्ज्य असे. परंतु आजारी भिक्षूला तूप, लोणी, तेल, मध व काकवी हीं पांच औषधें घेण्याची आणि सात दिवसांपर्यंत जवळ ठेवण्याची मोकळीक विनयग्रंथांत दिलेली आहे. मधाची गणना अशा रीतीनें औषधांत तेव्हांच झालेली होती. वैद्यकग्रंथांत तर मधाचे भेदच पाडलेले दिसतात. चरकानें माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे चार प्रकार सांगितले. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायांत आठ सांगितले. नवा मध शरीर पुष्ट करितो, जुना मध मेद झिजवितो. ज्या द्रव्याबरोबर तो घ्यावा त्याचा गुण तो वाहून नेतो, म्हणून तो योगवाही. आणि मध तापवूं नये, अशी ह्या आचार्यांची शिकवण आहे. न तापविण्याचें एक कारण ते असें देतात कीं, माशा नाना प्रकारच्या फुलांवरून, त्यांत विषारी फुलांवरूनहि, रस गोळा करितात. ही नुसती कल्पना नव्हे. ख्रिस्तपूर्व ४०१ मध्यें काळ्या समुद्राच्या कांठीं झेनोफनच्या ग्रीक सैनिकांनीं तेथला मध खाल्ला आणि ते शुद्ध हरपून पडले. त्या प्रदेशांतील ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांत विष असतें, हें आतां सिद्ध झालेलें आहे.

परंतु सुश्रुताचा खरा अधिकार शस्त्रवैद्याचा. व्रण शुद्ध करणें आणि व्रण भरून आणणें ह्या दोन्ही कामीं मध उपयोगी, असें तो सांगतो. मध व तूप ह्यांचा लेप त्याच्या व्रणचिकित्सेंत वारंवार येतो. मिसर देशांतील सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या शस्त्रवैद्यकाच्या पपायरसावरहि जखमेला चरबी व मध लावून पट्टी बांधण्यास सांगितलें आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या देशांतील शस्त्रवैद्य एकाच गोष्टीवर एकमत होतात, तेव्हां ती हंसण्यावारी नेतां येत नाहीं.

सुश्रुताच्या आठ प्रकारांत ‘औद्दालक’ म्हणून एक मध आहे. तो वारुळांत राहणाऱ्या कीटकांचा, असें नंतरचे ग्रंथकार सांगतात. राधानगरीच्या बाजूला फिरलेल्या माणसाला हें वाचून सातेरी माशीची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. कारण ती झाडाच्या ढोलींत राहते तशी जुन्या वारुळांतहि घर करिते. दोन्ही एकच, असा आमचा आग्रह नाहीं. सातेरी अंधारांत एकापुढें एक अशीं समांतर पोळीं बांधते, आणि सात पोळ्यांवरून तिला हें नांव पडलें असें सांगतात. तिची थोरली बहीण आग्या माशी. ती उंच झाडाच्या फांदीखालीं किंवा कड्याच्या कपारीला उघड्यावर एकच मोठें पोळें लोंबकळत ठेविते, आणि चिडली म्हणजे माणसाचा जीवहि घेते. तिसरी फुलोरी, झुडपांत तळहाताएवढें पोळें करणारी; आणि चौथी नांगी नसलेली चिलटाएवढी माशी, जिचा आंबूस मध घोटभरच निघतो पण औषधासाठीं जपून ठेवितात. पैकीं पेटींत घालून पाळतां येते ती मुख्यतः सातेरी. आग्या कोणाची पाळीव होत नाहीं. पावसाच्या तोंडाशीं ती घाट सोडून देशावर निघून जाते.

ह्या रानाचा मध एकजिनसी नसतो. उन्हाळ्याच्या आरंभीं जांभूळ फुलतें, त्याचा मध काळसर आणि जिभेवर किंचित् कडवट. त्यामागून हिरडा येतो. अंजनीच्या निळ्या फुलांचा बहर असतो. कारवी तर सात वर्षें नुसती वाढते आणि आठव्या वर्षीं सगळा डोंगर एकदम फुलवून मरून जाते. त्या वर्षींचा दाट मध जुनीं माणसें नांव घेऊन मागतात. शहरांतील गिऱ्हाईक मात्र पिवळा, पातळ, सदासर्वदा एकाच चवीचा मध चांगला समजतें. रानाला असें एकसारखेपण माहीतच नाहीं. शिवाय घाटांतील हवा दमट असल्यामुळें सातेरीच्या मधांत पाण्याचा अंश अधिक राहतो. तो लवकर आंबतो, फेसाळतो. ह्यावरून त्यांत भेसळ आहे असें समजणें चूक.

आतां मध काढण्याची जुनी रीत पाहूं. रात्रीं टेंभा पेटवून आग्या मोहोळाखालीं धूर करावयाचा, माशा होरपळून खालीं पडूं लागल्या कीं सगळें पोळें कापून घ्यावयाचें, आणि फडक्यांत घालून पिळावयाचें. त्या पिळ्यांत मधाबरोबर मेण, पराग, आणि पोळ्यांतील अळ्यांचा रसहि उतरे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वभागांत, शिरोळ-हातकणंगल्याकडे, जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. मद्य आणि मांस ह्यांच्या जोडीला मधु वर्ज्य करणें हा जैन गृहस्थाच्या मूलगुणांतला नियम. लहानपणीं आम्हांला ह्या नियमाचें नवल वाटे. मध ही इतकी सात्त्विक वस्तु, तिला मद्यमांसाच्या पंक्तीस कां बसवावें? पिळलेल्या पोळ्याचा चोथा एकदां डोळ्यांनीं पाहिला तेव्हां नवल सरलें. नियम घालणाऱ्यांनीं मधाकडे नव्हे, पोळ्याकडे पाहिलें होतें.

ही रीत बदलण्याचीं साधनें युरोप-अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत निघालीं. अमेरिकेंत लँगस्ट्रॉथनें १८५१ च्या सुमारास पेटींतील चौकटी न मोडतां काढतां-घालतां येतील अशी योजना शोधून काढली. १८६५ सालीं ह्रुश्का नांवाच्या गृहस्थानें चौकटी गरगर फिरवून मध बाहेर उडविणारें यंत्र केलें. पोळें शाबूत, अळ्या शाबूत, आणि मध स्वच्छ. हिंदुस्थानांत फादर न्यूटन ह्यांनीं दक्षिणेंत १९११ ते १९१७ च्या दरम्यान आपल्या देशी माशीला बेताची होईल अशी लहान पेटी सिद्ध केली. महाराष्ट्रांत ह्या विद्येचें माहेर महाबळेश्वर. तेथें १९४६ सालीं मुंबई सरकारच्या ग्रामोद्योग-कार्यांत शास्त्रीय मधुमक्षिकापालनाचा आरंभ झाला. १९६२ सालीं पुणें येथें केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. २०२२ सालीं महाबळेश्वराजवळील मांघर हें ‘मधाचें गांव’ म्हणून पुढें आलें, आणि त्याच्या पाठोपाठ तो मान राधानगरीच्या शेजारच्या भुदरगड तालुक्यांतील पाटगांवास मिळाला. हें तेंच पाटगांव, जेथें मौनी महाराजांचा मठ आहे आणि जेथें शिवछत्रपति दर्शनास आल्याची कथा परंपरेनें सांगतात. आग्या मोहोळाविषयींहि आतां निराळी रीत शिकविली जाते : त्या पोळ्यांत मधाचा गड्डा वर, फांदीलगत, एका बाजूस असतो; तेवढाच कापून घेऊन अळ्यांचा भाग सोडून दिला तर माशा पोळें पुन्हा भरून काढतात.

स्वच्छ मध हातीं आल्यावर त्याची वैद्यकीय परीक्षाहि नीट करितां आली. मधाचा चार-पंचमांश भाग साखर, तो आम्लधर्मी, आणि त्यांत पाणी इतकें थोडें कीं जंतु तगत नाहींत, एवढें पूर्वींच ठाऊक होतें. १९३७ सालीं जर्मनींत डोल्ड व त्याच्या सहकाऱ्यांनीं मधांत जंतुनाशक असें आणखी कांहीं आहे हें दाखविलें. १९६३ सालीं अमेरिकेंत व्हाइट ह्यांनीं तें दुसरें-तिसरें कांहीं नसून हायड्रोजन पेरॉक्साइड होय, असा उलगडा केला. माशीच्या शरीरांतून मधांत एक पाचकद्रव्य उतरतें. जखमेंतील ओलाव्यानें मध पातळ झाला कीं तें साखरेपासून हें जंतुनाशक हळूहळू तयार करितें. हें द्रव्य उष्णतेनें नष्ट होतें. तापविलेला मध विष होतो हें चरकाचें म्हणणें आज कोणी शब्दशः घेणार नाहीं. पण तापविलेला मध आपला एक मोठा गुण गमावून बसतो, हें प्रयोगशाळेनेंहि मान्य केलें आहे.

आणि सुश्रुताच्या लेपाची मोठी परीक्षा झाली ती आपल्याच महाराष्ट्रांत, सोलापुरास. तेथील वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यचिकित्सक डॉ. सुब्रह्मण्यम् ह्यांनीं भाजलेल्या १०४ रोग्यांवरील अनुभव १९९१ सालीं ब्रिटिश शल्यवैद्यकाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. निम्म्यांस मधाची पट्टी, निम्म्यांस त्या काळचें रूढ रौप्ययुक्त मलम. सात दिवसांत मधाच्या बाजूकडील शेंकडा ९१ जखमा जंतुरहित झाल्या; मलमाच्या बाजूस शेंकडा ७. एवढी तफावत पाहून शंका यावी हें योग्यच, आणि ती घेतलीहि गेली. २०१५ सालीं जगभरच्या प्रयोगांचा जो एकत्र आढावा निघाला त्याचा निष्कर्ष पुष्कळ सौम्य आहे : अर्धवट खोल भाजलेल्या जखमा नेहमींच्या पट्ट्यांपेक्षां मधानें चार-पांच दिवस लवकर भरतात, इतर बहुतेक जखमांविषयीं पुरावा अपुरा. तेवढेंहि थोडें नव्हे. मात्र इस्पितळांत वापरावयाचा मध निर्जंतुक केलेला असतो. घरांतील बाटली भाजल्यावर ओतावी असा ह्याचा अर्थ कोणीं करूं नये.

खोकल्याची गोष्ट ह्याहून सोपी. २००७ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियांत १०५ मुलांना रात्रीं निजतांना मध देऊन पाहिला. कांहींच न दिलेल्या मुलांपेक्षां मध दिलेलीं मुलें बरीं निजलीं, आणि खोकल्याच्या नेहमींच्या औषधापेक्षां मध कोठें कमी पडला नाहीं. २०१८ पासून इंग्लंडांतील अधिकृत मार्गदर्शनांतहि साध्या खोकल्यास आधीं मध घेऊन पाहा असा सल्ला आहे. आपल्या आजीबाईंना ह्यासाठीं इतकी वाट पाहावी लागली नव्हती.

परंतु वडीलधाऱ्यांची साक्ष एका ठिकाणीं खरी ठरली म्हणून सर्वत्र खरी ठरते असें नाहीं. प्रमेहावर मध उपयुक्त, असें जुने ग्रंथ म्हणतात, आणि त्याच्या आधारानें मधुमेही माणूस साखर सोडून मध सुरू करितो. मध बहुतांशीं साखरच आहे. त्यानें रक्तांतील साखर वाढते. त्या रोगाच्या नांवांतच मध आहे, तें लघवी गोड होते म्हणून. मध हें त्याचें औषध म्हणून नव्हे.

शिवाय ही सारी चर्चा खऱ्या मधाची. डिसेंबर २०२० मध्यें दिल्लींतील विज्ञान व पर्यावरण केंद्रानें बाजारांतील १३ छापांचे मध तपासवून घेतले. जर्मनींतील सूक्ष्म परीक्षेंत त्यांपैकीं तीनच उतरले, बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा निष्कर्ष निघाला. संबंधित कंपन्यांनीं तो नाकारला. वाद कसाहि असो, तांदुळाच्या किंवा मक्याच्या पाकानें सोलापूरचा प्रयोग यशस्वी झाला नसता. पाण्यांत थेंब टाकून, कुत्र्यापुढें ठेवून ज्या घरगुती परीक्षा करितात त्यांना कांहीं अर्थ नाहीं. आणि थंडींत मध रवाळ झाला म्हणून तो टाकून देणाऱ्यांनीं तर पुष्कळ चांगला मध वायां घालविला आहे.

राहिली सर्वांत नाजूक गोष्ट. जातकर्मांत नवजात बालकाला मध-तुपांत सोनें उगाळून चाटविण्याची चाल फार जुनी, आणि ती घालणाऱ्यांच्या हेतूविषयीं शंका नाहीं. पण १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत तान्ह्या मुलांचा एक विकार प्रथम ओळखला गेला. मूल आधीं बद्धकोष्ठानें त्रस्त होतें, मग दूध ओढीनासें होतें, रडणें क्षीण होतें, मान सावरत नाहीं. बोटुलिझम नांवाच्या विषबाधेचे सुप्त बीजाणु आंतड्यांत रुजून हें घडतें, आणि त्यांचें एक वाहन मध आहे, असें पुढील कांहीं वर्षांत ठरलें. मोठ्या माणसाच्या पोटांत हे बीजाणु रुजत नाहींत. वर्षाच्या आंतील मुलाच्या पोटांत रुजूं शकतात. विकार विरळा आहे, पण प्राणावर बेतणारा आहे. येथें मधाच्या शुद्धतेचा कांहीं उपयोग नाहीं. राधानगरीच्या रानांतील निखळ जांभळीचा मध असला तरी त्यांत ते असूं शकतात. म्हणून बाळाला वर्ष पुरें होईपर्यंत मधाचें बोटहि लावूं नये, असें सर्व देशांतील बालवैद्य सांगतात.

आमच्या आप्तांत अलीकडे एक बारसें झालें. पणजीबाईंनीं सोन्याचा वेढा आणि मधाची वाटी काढून ठेविली होती. सून डॉक्टर, तिनें हें सारें त्यांना समजावून सांगितलें. म्हातारी कांहीं वेळ गप्प बसली. मग तिनें वाटी उचलून बाळंतिणीच्या हातीं दिली, म्हणाली, “मग तूंच चाट. तुझ्याच दुधांतून जाईल त्याला,” आणि वेढा बाळाच्या मुठींत ठेविला.