थेंबाचा मुकुट: वर्दिंग्टनची रेखाचित्रे आणि छायाचित्रे

१/१० #थ्रेड
दुधाचा थेंब द्रवावर आदळतो, क्षणभर एक मुकुट उभा राहतो, त्याच्या काठावरून टपोरे कण सुटतात आणि सारे मावळते. सेकंदाच्या अल्पशा अंशात हे आटोपते. डोळ्यांना केवळ शिंतोडा दिसतो. हा मुकुट प्रथम दिसू कसा लागला आणि दिसल्यावरही सुमारे दोन दशके प्रत्यक्षाहून सुबक का रेखाटला गेला, त्याचा हा इतिहास.

२/१०
इंग्लंडमधील रग्बी शाळेतील एका विद्यार्थ्याला काजळी धरलेल्या काचेवर शाईच्या थेंबांनी उमटवलेली नक्षी दिसली. हाच धागा धरून भौतिकशास्त्रज्ञ आर्थर मेसन वर्दिंग्टन (१८५२–१९१६) यांनी १८७५च्या सुमारास थेंबांचा अभ्यास आरंभला. पुढे ते डेव्हनपोर्टच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

३/१०
त्यांची पद्धत अशी: अंधारी खोली, पडणारा थेंब आणि ठरावीक क्षणी उडणारी विजेची ठिणगी. त्या लखलखाटात एकच अवस्था दिसे. दृष्टिपटलावर ती रेंगाळते न रेंगाळते तोच वर्दिंग्टन ती कागदावर उतरवीत. मग ठिणगीची वेळ किंचित पुढे सरकवून नवा थेंब सोडीत.

४/१०
येथे एक बाब ध्यानात घ्यावी. एका शिंतोड्याची कथा म्हणून छापली गेलेली चित्रमालिका प्रत्यक्षात अनेक थेंबांची होती. निरनिराळ्या थेंबांतून 'एक' थेंब घडवायचा, तर कोणता नमुना खरा मानावा हे निरीक्षकालाच ठरवावे लागे.

५/१०
वर्दिंग्टन यांनी सममित नमुने स्वीकारले. समान अंतरावरचे किरण, सारख्या उंचीची टोके, रेखीव वर्तुळ. वेडीवाकडी रूपे त्यांनाही दिसत होती. परंतु ती आगंतुक दोषांची फळे आहेत, असे मानून बाजूला पडत.

६/१०
१८९४ साली त्यांना ठिणगीच्या प्रकाशात छायाचित्रे घेण्यात यश आले आणि तो रेखीवपणा ढळला. काठ कुठे जाड, कुठे पातळ, किरण असमान. मग त्यांनी आपली जुनी रेखाटने पुन्हा चाळली, तेव्हा असममित आकृत्या त्यांतही पुष्कळ निघाल्या. निवड करताना मात्र त्या मागे पडल्या होत्या.

७/१०
ही लबाडी होती काय? नाही. योगायोगाचे धागे वगळून वस्तूचे आदर्श रूप दाखवणे, हे त्या काळी चित्रकाराइतकेच शास्त्रज्ञाचेही कर्तव्य समजले जाई. लॉरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन यांनी 'ऑब्जेक्टिव्हिटी' (२००७) या ग्रंथाचा आरंभ याच प्रसंगाने केला आहे: निरीक्षकाने स्वतःला आवरावे, हा आदर्श विज्ञानात केव्हा रुजला, हा त्यांचा प्रश्न.

८/१०
भौतिकीच्या दृष्टीनेही गमावलेले थोडके नव्हते. मुकुटाची कडा अस्थिर असते. तीवरचे बारीकसे उंचवटे पृष्ठताणामुळे वाढत जातात आणि त्यांतूनच कण सुटतात. म्हणजे जी अनियमितता दोष म्हणून पुसली गेली, तिच्यातच मुकुट का फुटतो याचा सुगावा होता.

९/१०
छायाचित्राने निवड संपली, असेही नाही. हॅरल्ड एजर्टन यांचे १९५७चे विख्यात दुग्धमुकुट-छायाचित्र हे अनेक वर्षांच्या प्रयत्नांतून निवडलेले. आजचा उष्णताचित्रण कॅमेरा पाण्याच्या मिलिमीटरहूनही पातळ अशा वरच्या थराचेच तापमान टिपतो, आणि चित्रातील लाल-निळे रंग माणसाने नेमून दिलेले असतात.

१०/१०
जुने शास्त्रीय चित्र हाती आले की तीन प्रश्न विचारावेत: हे एक चित्र किती घटनांतून बनले? काय वगळले? कोणत्या कसोटीवर? वर्दिंग्टन यांच्याबाबत उत्तरे मिळतात, कारण नाकारलेली रेखाटने त्यांनी जपून ठेवली आणि 'अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस' (१९०८) या पुस्तकात आपली निवड उघडपणे मांडली. इतिहासकाराला असा साक्षीदार क्वचितच लाभतो.