नाव कंपनीचे, शब्द आपला

भगिनींनो, आपल्या सोनारीत दुकानात जाऊन कोणी “वनस्पती तूप द्या” असे म्हटलेले मी तरी ऐकले नाही. लहानथोर सर्वांच्या तोंडी शब्द एकच, डालडा! तसेच सातबाराच्या नकलेला झेरॉक्स आणि भैरवनाथाच्या जत्रेत विकत घेतलेल्या पाण्याला बिसलेरी. बिसलेरी हे तर मुळात एका इटालियन गृहस्थाचे आडनाव! ही सारी कंपन्यांची नावे आपल्या बोलीत कशी मिसळली, हे डालड्यावरून चांगले कळते.

तेलात हायड्रोजन वायू सोडून ते तुपासारखे घट्ट करण्याची युक्ती परदेशातून आली. ‘डाडा’ नावाची डच कंपनी असे तूप इकडे पाठवीत असे. पुढे लिव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना काढला, आणि ‘डाडा’त आपल्या नावातला ‘ल’ घालून १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आणला. साजूक तूप ज्यांना परवडत नसे, त्यांच्या घरीही त्यामुळे सणाला चार गोड पदार्थ होऊ लागले. पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळे. रिकाम्या डब्यात डाळ राही, नाहीतर तुळस लागे. डबा घरचा झाला, तसा शब्दही घरचा झाला.

पण लबाड लोक साजूक तुपात डालडा मिसळू लागले. म्हणून वनस्पती तुपात निदान पाच टक्के तिळाचे तेल घालावे, असा कायदा झाला. संशयित तुपात साखर व तीव्र आम्ल घालून हलवले की तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि चोरी उघडी पडते.

२००३ साली डालडा हे नाव दुसऱ्या कंपनीला विकले गेले. आपला शब्द मात्र तोच राहिला. आज “डालडा द्या” म्हटले की दुकानदार हाती येईल त्या कंपनीची पिशवी देतो. घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते. २०२२ पासून सरकारने त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे. सुट्या मालावर मात्र काहीच छापलेले नसते.

तेव्हा भगिनींनो, तोंडाने खुशाल डालडा म्हणा, बिसलेरी म्हणा. पण पिशवी-बाटली हाती येताच तिच्यावरचे नाव, तारीख आणि आत काय आहे ते वाचा. वाचता येणारीने शेजारणीलाही वाचून दाखवावे. घरच्यांच्या पोटात शब्द जात नाही, वस्तू जाते.