डॉकेट नंबरची गोष्ट

ऑफिसचं नेट बंद, कस्टमर केअरवर नुसतं संगीत! मंडळी, या भांडणाला इतिहास आहे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९८मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडलं. कनेक्शनं वाढली, पण तोंडी तक्रारीला पुरावा कुठला?

२००६मध्ये ट्रायने ब्रॉडबँडसाठी नियम केला: बिघाड तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला, तर सात दिवसांच्या भाड्याची सूट. २००७च्या नियमांनी तक्रारीला डॉकेट नंबर आला. वर नोडल अधिकारी, त्याच्याही वर अपील. २०१२मध्ये नोडल अधिकाऱ्याची मधली पायरी गेली, नंबर मात्र टिकला.

म्हणून सांगतो, फोनवरच्या पोरावर ओरडून काही होत नाही. नंबर घ्या, तारीख-वेळ टिपा, अपील करा. लीज्ड लाइन असेल तर करारातला अपटाइमही वाचा.